लेखकाची मुद्रा

दरवर्षीं वार्षिक अंकासाठीं विद्यार्थ्यांकडून लेख मागविण्यांत येतात, व ते वाचण्याचें काम मराठीच्या शिक्षकाकडे येतें. कांहीं वर्षांपूर्वीं ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ या विषयावर चाळीस निबंध मजकडे आले. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून मीं प्रत्येक निबंधावरील नांव कागदाच्या पट्टीनें झांकून टाकिलें आणि वाचावयास बसलों. पहिल्या निबंधांत आकाश काळ्याकुट्ट ढगांनीं भरून आलें होतें, मोर पिसारा फुलवून नाचत होता व बळीराजा आनंदित झाला होता. दुसऱ्यांत तेंच, तिसऱ्यांतही तेंच. आमच्या या गजबजलेल्या शहरांत मोर नाचतांना त्यांपैकीं कोणीं पाहिला असेल असें मला वाटत नाहीं. सदतिसाव्या कीं अडतिसाव्या निबंधापाशीं मात्र मी थबकलों. लिहिणाऱ्याच्या घराचें छप्पर गळत होतें. कोणत्या गळतीखालीं आईनें कोणतें भांडें ठेविलें, पितळेच्या तांब्यांत पडणाऱ्या थेंबाचा आवाज कसा व लांकडी काठवटींत पडणाऱ्याचा कसा, आणि रात्रीं अंथरूण किती वेळां सरकवावें लागलें, एवढेंच त्यांत होतें. अक्षर ओबडधोबड, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ. परंतु पट्टी काढण्यापूर्वींच मला कळून चुकलें कीं हा निबंध एकाच मुलाचा असूं शकतो, दुसऱ्या कोणाचाही नाहीं.

त्या निबंधाचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं त्यावरून मनांत आलेल्या एका प्रश्नाचा विचार करूं. लेखक ओळखला जातो तो कशावरून? लेखाखालीं छापलेल्या नांवावरून, कीं लेखांतल्याच एखाद्या गोष्टीवरून? लिहूं लागलेल्या प्रत्येक मुलास आपलें नांव व्हावें असें वाटतें, आणि तसें वाटणें गैर नाहीं. परंतु नांव आणि ओळख या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांचा मेळ कसा बसतो, हें आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासावरून फार चांगलें समजतें.

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण नेहमीं वापरतों. जुन्या राजपत्रांवर आरंभीं शिक्का व अखेरीस मोर्तबाची मुद्रा उमटवीत असत. शिक्क्यावरून पत्र कोणाचें तें कळे. आणि शेवटची मुद्रा उमटली म्हणजे मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षरही वाढवूं नये, असा तिचा अर्थ होई. म्हणजे मुद्रेचीं कामें दोन. ‘हें माझें आहे’ असें सांगणें हें एक, आणि ‘यापलीकडे जें असेल तें माझें नव्हे’ असें सांगणें हें दुसरें. लेखकाच्या मुद्रेचींही हींच दोन कामें आहेत, व त्यांतील दुसरें आपण बहुधा विसरतों.

आपल्या संतकवींच्या काळीं या देशांत मराठी छापखाना नव्हता. अभंग रचला जाई तो कीर्तनांत म्हणण्यासाठीं, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई तो वारकऱ्यांच्या मुखानें. वहीच्या कोपऱ्यांत लिहिलेलें नांव अशा प्रवासांत कोठेंतरी गळून पडलें असतें. म्हणून हे कवि आपलें नांव अभंगाच्या शेवटच्या चरणांतच गुंफीत. अभंग पाठ करणारा नांवही आपोआप पाठ करी. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ या नाममुद्रा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. कित्येक मुद्रांत तर नांवाहून अधिक कांहीं आहे. एकनाथ आपलें नांव एकटें घालीत नाहींत. गुरु जनार्दनस्वामी यांच्या नांवाशीं जोडून ‘एका जनार्दनीं’ असें घालतात. जनाबाई स्वतःस नामयाची दासी म्हणवितात. आपण कोण हें सांगतांना आपण कोणाचे हेंही हे कवि सांगून जातात.

परंतु केवळ नांवाच्या मुद्रेवर विसंबण्यांत एक धोकाही आहे, व तो पुढें दिसून आला. नामदेव (१२७०–१३५०) यांच्यानंतर सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा नांवाचा दुसरा कवि होऊन गेला. त्याची मुद्राही ‘नामा’च, त्यामुळें जुन्या वह्यांत दोघांच्या रचना एकमेकींत मिसळून गेल्या आणि त्या निवडतांना संशोधकांस आजही श्रम पडतात. तुकारामांच्या गाथेच्या प्रसिद्ध छापील प्रतींत सुमारे ४६०० अभंग आहेत. परंतु त्यांत कांहीं मागाहून दुसऱ्यांनीं घातलेले असावेत असें जाणते अभ्यासक मानतात. असे अभंग रचणाऱ्यांचा हेतु चोरीचा होता असें म्हणवत नाहीं. चोर दुसऱ्याचें घेतो. यांनीं आपलें दुसऱ्याच्या नांवावर चढविलें. पण त्याचा परिणाम काय झाला? रचणाऱ्याचें नांव कायमचें बुडालें, आणि ज्याच्या नांवावर रचना चढली त्याच्या शब्दांविषयीं संशय मात्र उत्पन्न झाला. आतां खरें-खोटें ठरवावयाचें तें कसें? सर्वांत जुनी पोथी कोणती, तींतील भाषा कोणत्या काळाची, विचारांची ठेवण त्याच कवीची आहे कीं नाहीं, यावरून. म्हणजे जेथें नांवाची साक्ष अपुरी पडते तेथें लेखनालाच साक्षीस उभें करावें लागतें.

या बाबतींत एकनाथांचें उदाहरण नेहमीं डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें पूर्ण झाली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातानें नकलून घेतली जात असतां तींत अशुद्ध पाठ शिरले. एकनाथांनीं शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्यें ती शुद्ध केली, आणि यापुढें कोणींही आपली ओवी रचून यांत घालूं नये असें बजावून ठेविलें. एकनाथ स्वतः थोर कवि होते. दुसऱ्याची मुद्रा निर्मळ राखण्यांत आपला कमीपणा आहे असें त्यांना वाटलें नाहीं. आणि म्हणूनच त्यांची स्वतःची मुद्राही निर्मळ राहिली.

छापखाना आल्यावर नांवाचा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. १८४८ सालीं मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत ‘लोकहितवादी’ या सहीचीं पत्रें येऊं लागलीं. तीं लिहिणारे गोपाळ हरि देशमुख (१८२३–१८९२) त्या वेळीं अवघे पंचवीस वर्षांचे असून सरकारी नोकरींत होते. आपल्याच समाजाच्या आळसावर व जुनाट समजुतींवर त्यांनीं त्या पत्रांत कडक कोरडे ओढिले. एकंदर पत्रें १०८ झालीं व पुढें तीं ‘शतपत्रें’ म्हणून ओळखूं जाऊं लागलीं. या टोपणनांवाचा अर्थ पाहा. जो लोकांच्या हिताचें बोलतो तो लोकहितवादी. हें नांव म्हणजे लेखकानें वाचकांस दिलेलें वचन होय. असें वचनाचें नांव धारण करणें सोपें. शंभर पत्रांपर्यंत तें पाळणें कठीण. तें पाळलें गेलें म्हणूनच आज देशमुख या नांवापेक्षां लोकहितवादी हें नांवच लोकांच्या तोंडीं अधिक आहे.

या लोकहितवादींवर पुढें तिखट टीका केली ती विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं. १८७४ च्या जानेवारींत त्यांनीं ‘निबंधमाला’ हें मासिक काढलें, आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकट्यानें लिहिले. १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. दोघांचीं मतें परस्परांविरुद्ध. एकाचीं वाक्यें तुटक, रोखठोक, तर दुसऱ्याचीं भरदार व डौलदार. परंतु दोघांपैकीं कोणाचाही एक परिच्छेद वाचला कीं जाणत्या वाचकास तो कोणाचा तें सांगतां येतें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. सर्वांस रुचेल तेंच लिहिल्यानें ओळख होते असें नाहीं. आणि एखाद्या लेखानें ओळख होते असेंही नाहीं. पत्रामागून पत्र, अंकामागून अंक, अशा सातत्यानेंच ती वाचकांच्या मनांत मुरते.

मराठी कवींचीं टोपणनांवें पाहिलीं तर तीं किती घरगुती आहेत याचें कौतुक वाटतें. कृष्णाजी केशव दामले यांनीं वडिलांच्या नांवावरून ‘केशवसुत’ हें नांव घेतलें. राम गणेश गडकरी धाकट्या भावाच्या नांवावरून ‘गोविंदाग्रज’ झाले. विष्णु वामन शिरवाडकर हे कुसुम या बहिणीचे वडील बंधु म्हणून ‘कुसुमाग्रज’. त्यांस १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि त्यांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा आज मराठी भाषेचा गौरवदिन म्हणून पाळला जातो. पण नांवापुरते ते अखेरपर्यंत कुसुमचे भाऊच राहिले. नारायण मुरलीधर गुप्ते यांनीं तर ‘बी’ एवढें एकच अक्षर पत्करलें, व त्यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ सालीं, त्यांच्या साठीनंतर निघाला. केशवसुतांचा संग्रह तर त्यांच्या हयातींत निघालाच नाहीं. १९०५ सालीं ते वारले त्यानंतर तो प्रसिद्ध झाला. तरीही आधुनिक मराठी कवितेची सुरुवात त्यांच्यापासूनच मानितात. ओळख होण्यास उशीर लागला म्हणून ती कमी प्रतीची होत नाहीं.

कांहीं नांवें घेतलेलीं नसतात, मिळालेलीं असतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत सतरा वर्षांचे होते. तेथें त्यांची कविता ऐकून ज्येष्ठांनीं त्यांस ‘बालकवि’ हें नांव दिलें, आणि तेंच कायम झालें.

एकाच लेखकाचीं अनेक नांवें असणेंही शक्य आहे. गडकऱ्यांनीं कविता ‘गोविंदाग्रज’ या नांवानें, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नांवानें, आणि नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं. नांव वाचतांच आपण कशास बसावयाचें तें वाचकास कळे. या गडकऱ्यांवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस ते आपले गुरु मानीत, आणि बाळकरामाच्या विनोदांत गुरूची छाया स्पष्ट दिसते. म्हणून अनुकरण हें पाप नव्हे. गाणें शिकणारा प्रथम गुरूच्याच ताना घेतो. परंतु गडकऱ्यांच्या नाटकांतील तुफानी भाषा ही कोल्हटकरांची नव्हे, ती गडकऱ्यांचीच. गुरूचें बोट धरावें तें चालावयास शिकण्यापुरतें.

नांवाचा आणखी एक उपयोग आहे, व तो गंभीर आहे. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या मुलींच्या मनांतील जें दुःख घरांतही बोलून दाखवितां येत नसे, तें त्यांत उघड लिहिलेलें होतें. महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याविषयीं तर्ककुतर्क चालले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१). त्या वेळीं स्वतःच्या नांवानें हें लिहिणें एका तरुण स्त्रीस फार महाग पडलें असतें. नांवाचा पडदा होता म्हणून सत्य बाहेर येऊं शकलें. मात्र विद्यार्थ्यांनीं एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. पडद्याआडून सत्य सांगणें निराळें, आणि पडद्याआडून दुसऱ्यावर चिखल फेंकणें निराळें. पहिल्यांत लेखक स्वतःस जपतो, पण शब्दांची जबाबदारी टाळीत नाहीं. दुसऱ्यांत जबाबदारी टाळणें हाच हेतु असतो. निनांवी पत्राला टोपणनांव म्हणत नाहींत.

आतां ज्यांनीं नांव होण्याची खटपट केलीच नाहीं अशा दोन स्त्रियांकडे पाहूं. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) या लग्नानंतर लिहावयास शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्यांत अलंकार नाहींत, अवघड शब्द नाहींत. घरांत आजी बोलते तशी भाषा आहे, आणि स्वतःच्या फजितीवर स्वतःच हंसण्याची वृत्ति आहे. बहिणाबाई चौधरी (मृत्यु १९५१) यांना तर अक्षरओळखच नव्हती. जळगांवजवळच्या शेतांत व घरांत काम करतां करतां त्या ओव्या रचीत. त्यांतल्या पुष्कळ त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीं उतरून घेतल्या, व त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं गाणीं प्रसिद्ध झालीं. जातें, चूल, विहीर, पेरणी, सुगरणीचा खोपा हे त्यांचे विषय, आणि खानदेशांतली घरची बोली ही त्यांची भाषा. या दोघींचीं नांवें झांकून चार ओळी वाचून दाखविल्या तरी मराठी वाचक त्यांना ओळखील. कारण दोघींनीं जें स्वतः पाहिलें व सोसलें तेंच, स्वतःच्या बोलीनें सांगितलें.

एवढ्या विवेचनावरून लेखकाची ओळख कशांत असते तें सांगतां येईल. त्याची नजर कोणत्या वस्तूवर थांबते. तो कोणते शब्द सहज वापरतो. त्याचीं वाक्यें आंखूड कीं लांब. आणि तो काय सांगावयाचें टाळतो, या चार गोष्टींत ती असते. या गोष्टी मुद्दाम ठरवून आणतां येत नाहींत. परंतु त्यांना वाव देतां येतो. यासाठीं विद्यार्थ्यांस पुढील चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वर्णन करावयाचें तें डोळ्यांनीं पाहिलेल्याचें करावें. न पाहिलेला मोर नाचवूं नये. दुसरी, लिहून झाल्यावर तें मोठ्यानें वाचावें. जें वाक्य आपण कधींच बोललों नसतों त्यावर खूण करावी व तें पुन्हा लिहावें. तिसरी, दुसऱ्याचें वाक्य आवडल्यास घ्यावें, पण कोणाचें तें सांगून घ्यावें. सांगितल्यानें उसनें उसनेंच राहतें, न सांगितल्यानें त्याची चोरी होते. चौथी, थोडें कां होईना, नेमानें लिहावें. आणि ओळख झालीच, तर तिच्या बेडींत अडकूं नये. एकदां लोक हंसले म्हणून तीच थट्टा दहा वेळां करणारा स्वतःचीच नक्कल करूं लागतो.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचा लेख चांगला दिसावा म्हणून पुष्कळ घरीं वडीलधारीं माणसें तो ‘सुधारून’ देतात. हेतु मायेचा असतो. गाथेंत अभंग घालणाऱ्यांचाही हेतु भक्तीचाच होता. परंतु मुलाच्या नांवाखालीं दुसऱ्याचे शब्द छापले गेले, म्हणजे मुलाला आपला आवाज कमी प्रतीचा आहे असें कायमचें वाटूं लागतें. चूक दाखवावी, शब्दाचा अर्थ सांगावा. पण लेखणी त्याच्याच हातांत असूं द्यावी.

हें मी अनुभवानें लिहितों. गळत्या छपराचा तो निबंध मीं निवडला व शुद्ध नक्कल करून आणण्यास त्या मुलास सांगितलें. चार दिवसांनीं त्यानें आणिला तो निबंध दुसराच होता. त्यांत ढग होते, मोर होता व बळीराजाही होता. विचारतां मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, घरीं सांगितलं, आपलं छप्पर गळतं हें छापून जगाला दाखवायचं नाहीं.” मला त्यांतला सल समजला. घराची अब्रू ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती मागण्याचा अधिकार शिक्षकाला नाहीं. मीं त्याच्या वडिलांस भेटीस बोलाविलें, आग्रह कांहीं केला नाहीं. फक्त पहिला निबंध त्यांच्या हातीं दिला. ते उभ्या उभ्या वाचूं लागले, आणि मग खालीं बसून त्यांनीं तो पुन्हा वाचला. “हा तांब्या माझ्या आईचा,” एवढेंच ते म्हणाले. थोड्या वेळानें उठतांना म्हणाले, “छापा. पण नांव नको.”

तो निबंध ‘पागोळी’ या नांवानें छापला गेला. नांव मुलानेंच निवडलें. अंक वांटल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मधल्या सुट्टींत त्याच्या वर्गांतलीं मुलें त्याच्याभोवतीं जमलेलीं मीं पाहिलीं. कोणींही न सांगतां त्यांनीं त्याला ओळखलें होतें. मला क्षणभर धास्ती वाटली. पण तीं त्याची थट्टा करीत नव्हतीं. बांकावर डबे, झांकणें व पाण्याची बाटली मांडून, तांब्यांतला थेंब कसा वाजतो आणि काठवटींतला कसा, हें तीं त्याला वाजवून दाखवावयास सांगत होतीं.